चार खांबांची लिफ्ट

सोमेश : भर उन्हात, गल्लीत? अप्पा, कव्हरसुद्धा न घालता माझी गाडी बाहेर लावलीत?

रुद्रप्पा : गॅरेजातली लिफ्ट मोकळी पाहिजे होती. भीमाशंकर मैंदर्गीहून जीप घेऊन निघालाय. गिअरबॉक्स उतरवायचाय.

सोमेश : मग ती जीप लावा की बाहेर! पुण्यात सोसायटीत मला एकच पार्किंग आहे, म्हणून तर ही हौसेची गाडी इथं ठेवलीय. गल्लीत रिक्षावाले घासून जातात. पाच वाजता मला निघायचंय, त्याआधी वर चढवून द्या.

रुद्रप्पा : चढवून द्या! दर खेपेला तुझा फोन. अप्पा, गाडी खाली काढा, अप्पा, पुसून ठेवा. मी बाप हाय का वॉचमन?

सोमेश : झालं सुरू! ही लिफ्ट आणली कुणी?

रुद्रप्पा : तूच. सगळ्या भावकीत सांगत फिरलास की, अप्पांना आता वाकायला नको म्हणून लिफ्ट घेतली. छाती फुगली होती माझी.

सोमेश : मग काय खोटं होतं त्यात?

रुद्रप्पा : मी काय सांगितलं होतं तुला? दोन खांबांची घे. ती गाडीला चासीला धरून उचलती, चाकं मोकळी लटकत्यात, ब्रेकपासनं सगळं काम होतंय. आणलीस कुठली? चार खांबांची. ही पट्ट्यांवर गाडी नुसती उभी करून ठेवायची, खालनं गिअरबॉक्स तेवढा निघतो. ट्रकातनं उतरवताना बघितलं आन् तवाच कळलं मला, ही कुणासाठी आलीय ते.

सोमेश : दोन खांबांना खाली जाड काँक्रीट लागतं, अप्पा. आपल्याकडं शहाबादी फरशी.

रुद्रप्पा : फरशी मी माझ्या हातानं उचकटली असती! गाडीखाली काम करायचा माझा खड्डा बुजवायला बरं काँक्रीट मिळालं तुला?

सोमेश : खड्डा बुजवल्याशिवाय लिफ्ट बसत नव्हती.

महादेवी (सोमेशची आई) : चाळीस वर्षं त्या खड्ड्यात उभं राहून काम केलंय रे त्यांनी. खड्डा गेला, लिफ्टवर तुझी गाडी. मग आता काम कुठं करतात, इचारलंस कधी? जमिनीवर उताणं झोपून गाडीखाली सरकतात. काम झालं तरी उठता येत न्हाय, मला हाका मारतात. मी दोन्ही हात धरून वडून काढते. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला!

सोमेश : मग करायचंच कशाला काम, अव्वा? काय कमी आहे तुम्हाला?

रुद्रप्पा : जेवायला कमी न्हाय. पण गिऱ्हाईक दारात येऊन म्हणतंय, रुद्रप्पा, तुमीच बघा, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाय. ते ऐकल्याबिगर दिवस जात न्हाय माझा. भीमाशंकर वीस वर्षं येतोय.

सोमेश : हे बघा, मला भांडायचं नाही. चढवता का गाडी?

रुद्रप्पा : चढवतो. पण भीमाशंकरला फोन तू करायचास.

सोमेश : काय सांगू?

रुद्रप्पा : रुद्रप्पानं काम सोडलं म्हणून सांग. न्हायतर खरं सांग, लिफ्ट हाय, पण बापासाठी न्हाय.

महादेवी : सोमू, नको रे. एक दिवस राहू दे की गाडी बाहेर. एकच दिवस.

(सोमेश मोबाइल कानाला लावतो.)

सोमेश : भीमाशंकरकाका, सोमेश बोलतोय. कुठवर आलात?... नाही, नाही, परत फिरा तुम्ही. अप्पांनी काम सोडलं... हो, आजपासूनच. वय झालं ना आता.

महादेवी : अय्यो शिवा! जीभ कशी वळली रे तुझी?

रुद्रप्पा : गप गं, रडू नको. सोमेश, गाडी सरळ घे पट्ट्यांवर... अजून थोडी... बास. हँडब्रेक लाव आन् खाली उतर. आता ते हिरवं बटण दाब.