अंगठा उगाच घेत नाहीत

नको, केक नको, बेदिगियनबाई — दिसतोय झकास, जर्दाळूचा ना? — पण कागद मांडले की टेबलावर खाणं बंद, आमच्या संघटनेचा नियमच आहे तो. मागे एका बाईंनी लोण्याच्या हाताने सही केली, तर सरकारी कचेरीने अख्खा कागद परत पाठवला. तुम्ही बसा हो, उठू नका. मी रोझलिन टिबेट्स, फिरती नोटरी — दारात तुमच्या जावयाने सांगितलंच — लोकांना ऑफिसात जायचा कंटाळा, म्हणून मीच शिक्का घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात येते. अख्ख्या फ्रेस्नोत माझ्याइतकी नीटनेटकी नोटरी नाही. मी नाही म्हणत, हा बिल्ला म्हणतो, संघटनेने दिलाय. बघा ना, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्यात. अत्तर लावत नाही, कुणाला शिंका नकोत. गाडी रस्त्यावर लावायची, लोकांच्या दारात नाही. आणि मांजर कितीही लाडात आलं तरी — अगं सरक ना बाई — हात लावायचा नाही.

काय? कागद कसला आहे? तुम्ही विचारू शकता हो, मी सांगू शकत नाही. मी वकील नाही. अर्थ सांगितला की तो सल्ला झाला, आणि सल्ला दिला की माझा परवाना गेला. मी फक्त बोट दाखवणार — इथे सही, इथे तारीख. क्रेगने सांगितलंय ना तुम्हाला? छपराच्या विम्याचा? — हं. बरं. क्रेग म्हणतोय तर... नाही, मी काही बोलले नाही, नुसतं हं म्हटलं. हं म्हणजे सल्ला नव्हे. तुम्हीच वाचा की. चष्मा नाही? क्रेगने दुरुस्तीला नेला? आज सकाळीच? — जावई मोठा कामसू मिळाला हो तुम्हाला.

म्हणूनच मला त्या कालच्या नोटरीचा राग येतो. इथे आली आणि क्रेगलाच म्हणाली, बाहेर बसा, मला आजींशी एकटीने बोलायचंय! आणि मग सही न घेताच निघून गेली! याला काय व्यवसाय म्हणायचं? क्रेग मला फोनवर म्हणाला, ‘‘बाई, मला सही घेणारी पाहिजे, पंचायत करणारी नको.’’ मी म्हटलं, साहेब, निर्धास्त राहा. आम्हाला शिबिरात शिकवतात — गोड बोला, घरच्या भानगडीत पडू नका. आणि अडलंच तर संघटनेचा मदतीचा फोन आहे. मागे एका म्हाताऱ्या गृहस्थांना स्वतःचं नावच आठवेना. मी घाबरले, लगेच फोन लावला. पलीकडच्या बाई किती धीराच्या! म्हणाल्या, ‘‘रोझलिन, ओळखपत्रावर नाव छापलंय ना? मग झालं.’’ पुढे त्या गृहस्थांच्या मुलीने खटला भरला ती गोष्ट वेगळी. पण संघटना माझ्या पाठीशी उभी राहिली — हा बिल्ला तेव्हाचाच, मला धीर यावा म्हणून.

तर ओळखपत्र झालं. आधी अंगठा घेऊ, मग सही. द्या, इकडे उजवा — असा, शाईत टेकवा. का म्हणजे? कायदा आहे कॅलिफोर्नियाचा. नाही हो, विम्याला कशाला लागेल अंगठा! विम्याला साधी सही पुरते, तिथे माझंही काम नाही. अंगठा उगाच घेत नाहीत, तो घर दुसऱ्याच्या नावावर करताना लागतो — लोक म्हाताऱ्या माणसांची घरं लाटायला लागले होते ना, म्हणून सरकारने —

मी काही बोलले का?

हे बघा, मी तुमच्या कागदाबद्दल नाही बोलले, मी कायद्याबद्दल बोलले, सर्वसाधारण. तुम्ही अंगठा पुसू नका, आता टेकवायचाय. खिडकीतून काय बघताय? क्रेग ट्रकमध्येच आहे. फोनवर आहे तो, झाडवाल्याशी — मघाशी माझ्यासमोरच सांगत होता, शुक्रवारी या, मागचं अंजीर मुळापासून काढायचंय. तुमच्या यजमानांनी लावलेलं? ते मला काय माहीत! मला वाटलं, तुम्हाला विचारलं असेल.

बरं, शेवटचा एक प्रश्न, नियमाचा आहे, मी सगळ्यांना विचारते, लोक मान हलवतात आणि संपतं. तुम्ही ही सही स्वखुशीने —

नाही?

नाही म्हणजे... अहो, आजवर कुणी नाही म्हटलंच नाही. नाही म्हटल्यावर काय करायचं ते शिबिरात शिकवलंच नाहीये! थांबा, मी मदतीचा फोन लावते. तुम्ही केकचं ताट कशाला उचललंत? मी म्हटलं ना, मला नको. तिथे नका — अहो, कागद! कागदावर! लोणी, बेदिगियनबाई, लोणी! आता हा कुठलीच कचेरी घेणार नाही! आणि तुम्ही हसताय?

क्रेगला हाक मारू? नको. बरं. हा शिक्का, ही शाई घेते मी. निघतेच आहे, दार धरून उभं राहायची गरज नाही. बुटांवरच्या पिशव्या इथेच काढू की... बाहेर. बाहेर काढते.