कनातीत घेतलेलं नाव

...आन् वर म्हणतात, ‘तोंडानं बोला!’ अवो, तोंडानं न्हाय तर काय कोपरानं बोलतं का माणूस? तोंड आहे की मला! साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, नीलम्माला देवानं बाकी सगळं बेताबेतानं दिलं, तोंड मात्र हात सैल सोडून दिलं. पर त्या दिवशी, तुम्हाला सांगते, त्याच तोंडाला कुलूप! मला लई दिवस एकच कोडं पडलं होतं... हा नियम केला कुणी?

थांबा, पहिल्यापासून सांगते. निजामाचं राज होतं तवाची गोष्ट. आमचं गाव ना धड खेडं, ना धड शहर. जळकोटाकडची माणसं बाजाराला आली की म्हणायची ‘शहरात आलो’, आन् हैद्राबादेहून साहेब आला की नाकाला रुमाल लावून म्हणायचा, ‘क्या देहात है!’ अशा गावाला सरकारनं टाऊन कमिटी दिली. दिवाबत्ती, झाडलोट, पाणी, सगळं कमिटीनं बघायचं. आधी मेंबर सरकारच नेमायचं, पर त्या साली निघालं, की काही मेंबर लोकांनी निवडायचे. कसे निवडायचे? तर चावडीच्या भिंतीवर कागद डकवला, वर उर्दू, खाली मराठी. बाप्ये लांबूनच बघून पुढं सटकायचे, जसा काय पटकीचा हुकूम आहे!

म्या थांबले. म्या शाळेची पायरी चढले न्हाय, पर वाचता-लिहिता येतं मला, हां! किराण्याच्या पुड्या सोडून सोडून शिकले. हळदीच्या पुडीत अर्धं कीर्तन निघायचं, जिऱ्याच्या पुडीत अर्धा खून... आन् खून कुणी केला ते कळावं म्हणून मालकांना परत जिरं आणायला पिटाळायची. घरात खायला भाकरी कमी आन् जिरं उदंड! तर डोईवर घागर तशीच, आन् म्या सगळा कागद वाचला. ज्याच्या नावावर घरपट्टी, त्यालाच मत. मतदारानं सोता यायचं. बाई असली तर आपल्या नावामागं नवऱ्याचं नाव सांगायचं. आन् मग ज्याला मत द्यायचं त्याचं नाव साहेबाम्होरं तोंडानं बोलायचं. लिहून चालणार न्हाय, खुणावून चालणार न्हाय, दुसऱ्या कुणी पढवलं तर मत बाद!

आता घरपट्टी कुणाच्या नावावर? माझ्या! बापाला मी एकलीच, म्हणून घर माझ्या नावावर केलं आन् जावई घरात आणला. घरी येऊन मालकांना म्हणलं, “अहो, मत मला आहे, तुम्हाला न्हाय.” ते भाकरी मोडता मोडता थांबले. “मग मी काय करू?” “तुम्ही बाहेर उभं ऱ्हायचं.” तर म्हणतात कसे, “ते तर लग्नापासून करतोयच की!” गरीब माणूस हो, पर मधीच असा चिमटा काढणार.

मला मत द्यायची हौस होती का? हौस न्हाय, गरज होती. आमच्या गल्लीत बसवण्णाच्या देवळापाशी एक आड आहे. सगळी गल्ली त्या आडाचं पाणी पिते. आडाला लागून शरणबसप्पा आडत्याचं गुदाम. त्याला गुदाम वाढवायचं होतं, आन् आड भिंतीच्या आत घ्यायचा होता. “मेंबर झालो की कमिटीचा ठरावच करून घेतो,” असं तो दुकानात बसून उघड सांगायचा, वर दात कोरत कोरत! आड आत गेला की आमी बायांनी कुठं जायचं? ओढ्यावर! उन्हाळ्यात ओढ्यात काय असतं? धोंडे! धोंडे पिळून पाणी काढायचं का? त्याच्या विरोधात उभा कोण, तर आमच्या समोरच्या घरातला पानमळेवाला. हातात छत्री, तोंडात पान, आन् बोलणं असं की विचारावं पाणी, सांगावं पान. पर एक वचन त्यानं बसवण्णाच्या पायरीवर हात ठेवून दिलं होतं, ‘आड बाहेर आहे तो बाहेरच ऱ्हाणार.’ मला तेवढं बास होतं.

पर आता अडचण बघा. त्या पानमळेवाल्याचं नाव रेवणप्पा. आन् आमच्या मालकांचं नाव? तेच! रेवणप्पा!

आज मी घेते हे नाव खुशाल, तवा घेत नव्हते. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे आईनं शिकवलं, आईला तिच्या आईनं. मालकांना हाक मारायची तर ‘अहो ऐकलं का’, आन् ऐकलं न्हाय तर ताट आपटायचं. समोरच्याला तर मी ‘पानवाले दादा’ म्हणायची, वावरात बी न्हाय आन् वाटंत बी न्हाय, कुठंच ते नाव न्हाय!

शेजारीण इरम्मा, तिला म्हणलं, “उखाण्यात घेते की. उखाण्यात चालतं.” इरम्मा जात्यावरून उठून उभीच राहिली. “अगं नीलम्मा! उखाणा नवऱ्याचा असतो. मत द्यायचं समोरच्या रेवणप्पाला. त्याच्या नावानं उखाणा घेतलास तर गाव काय म्हणंल? पानमळेवाल्याच्या नावाचा उखाणा!” खरं की हो! उखाण्यात घ्यावं तर परक्या बाप्याचा उखाणा, अब्रू गेली. उखाण्याबिगर घ्यावं तर नवऱ्याचं नाव कोरडं तोंडात, नवरा गेला. आन् घेऊच नये तर आड गेला! म्हणलं, “इरम्मा, हा नियम केला कुणी?” तिनं बोट आभाळाकडं केलं. “वरून आलाय.” “वरून कुणी?” “ते मला काय ठाऊक? वर गेल्यावर इचार!”

आता तुम्ही म्हणाल, शरणबसप्पाला कळलं नसंल. कळलं तर! गल्लीतलं कळायला काय तार लागते? त्याचा मुनीम बलभीम आमच्या उंबऱ्याशी येऊन गोड बोलला, “आक्का, कशाला जीव टांगणीला लावता? आमच्या शेटचं नाव कसं सोपं! शरणबसप्पा. कुणाच्या बी कुंकवाला धक्का न्हाय.” असा राग आला म्हणता! म्हणलं, “बलभीमा, तुझ्या शेटचं नाव सोपं आहे, पर घशात अडकतं. आडाचं पाणी प्यायल्याबिगर उतरायचं न्हाय.” गेला तोंड वाकडं करून.

उगवला तो दिवस. शाळेच्या पडवीत टेबल, टेबलाशी मतं नोंदवायला पेशकारसाहेब, तुर्की टोपी, पिकली दाढी, डोळ्याला चष्मा. बायांसाठी बाजूला कनात लावलेली. गल्लीतल्या बाया आड वाचावा म्हणून बघायला आलेल्या, पर मत त्यांना कुठलं? कनातीच्या आत मी एकलीच, आन् सावलीला शिरलेली एक शेळी. पडद्यापलीकडं पेशकार, त्याच्या शेजारी हरकत घ्यायला बलभीम. आन् बाहेर मालक, फेटा नवा बांधून, जसं काय त्यांचंच लगीन!

पेशकार म्हणाला, “नाम?” म्हणलं, “नीलम्मा.” “शौहर का नाम?” आता इथं काय, इथं उखाणा चालतो. पदर सावरला आन् म्हणलं,

“आडाच्या पाण्याला पोहऱ्याची साथ,
रेवणप्पांच्या घासाला माझाच हात.”

पडद्यापलीकडं टेबलावर थाप पडली. मग काय हो... “वाह! वाह अम्मा! मुकर्रर!” म्हणलं हे काय झालं? शिपाई म्हणाला, “साहेब म्हणतात, परत एकदा म्हणा.” घ्या! आमच्या उखाण्याला हैद्राबादेची शाबासकी! म्या परत म्हणलं. ते म्हणाले, “क्या बात है!” दोन घटका असंच चाललं असतं तर बरं झालं असतं, पर बलभीम खाकरला, “हुजूर, मत.”

“हौ हौ. बोलो अम्मा, मत किसकू?”

...आन् माझी जीभ टाळूला चिकटली.

म्हणलं, “त्येच.” “कौन?” “आत्ता उखाण्यात आले त्येच, पर ते न्हाय. दुसरे.” पेशकार चष्मा काढून बसला. “अम्मा, वही भी और दूसरा भी?” म्या पडद्याखालून हात काढून पडवीत उभ्या पानवाले दादांच्या छत्रीकडं बोट केलं. बलभीम ओरडला, “इशारा! इशारा चालत न्हाय!” म्हणलं, पाटी द्या, लिहून देते, मराठीत देते, कानडीत देते! “लिहून चालत न्हाय!” मग म्या पेशकारालाच विचारलं, “साहेब, तुम्ही शिकलेले. मला सांगा, हा नियम केला कुणी?” त्या भल्या माणसानं बोट छताकडं केलं. “ऊपर से आया है अम्मा. हमकू क्या मालूम?”

बघा! इरम्माचा बी वरूनच, पेशकाराचा बी वरूनच! वर बसून कोण नियम करतं आन् खाली कुणाचा घसा सुकतो! मला भ्या वाटत होतं, खोटं कशाला सांगू, पर त्या भ्याच्या तळाशी एक किडा वळवळायला लागला... खरंच काय होतं हो, नाव घेतल्यावर? आभाळ कडकडतं? का माणूस उभ्या उभ्या पडतो? माझ्या आईनं घेऊन बघितलं होतं का कवा? तिच्या आईनं? कुणीच न्हाय! मग कळलं कसं ह्यांना?

तेवढ्यात कनातीच्या बाहेरून मालकांचा आवाज, “घे गं घे! मला काय होत न्हाय! घे एकदाचं!” झालं! बलभीम उडाला, “पढवतोय हुजूर! मत बाद करा!” पेशकारानं टेबलावर हात आपटला, “उसकू भगाव! अम्मा, अब बोलो, नहीं तो मत गया!” शिपाई मालकांच्या मागं, मालक फेटा सावरत म्होरं, आन् माझ्या डोळ्याम्होरं काय, तर आडाभोवती भिंत आन् ओढ्यातले धोंडे. डोळे मिटले. बसवण्णा, तू बघ बाबा, म्हणलं, आन् सगळा दम काढून ओरडले,

“रेवणप्पा!”

“ओ!” पडवीतून छत्रीवाला.

“ओ!” लांबून, पळता पळता, आमचे मालक.

पडवी हसून हसून लोळली. बलभीम काकुळतीला आला, “हुजूर, दोघांनी ओ दिली! कुणाचं धरायचं?” पेशकार दाढीत हसत म्हणाला, “शौहर का नाम तो हो गया, मुकर्रर भी हो गया. ये उम्मीदवार का. लिखो!” शेळीनं बी मान हलवली.

पर मला कुठलं मत आन् कुठलं काय! कनात बाजूला सारून पळाले बाहेर. बघते तर मालक लिंबाच्या झाडाखाली आडवे, फेटा एकीकडं, डोळे मिटलेले. इरम्मानं गळा काढायला तोंड उघडलं होतं. म्या बसले त्यांच्या उशाला, म्हणलं, अहो... अहो ऐकलं का... तवा एक डोळा किलकिला झाला. शिपायाच्या भ्यानं पळून पळून दम लागला होता माणसाला, दुसरं काय न्हाय. हळूच म्हणतात,

“पुन्हा म्हण की एकदा.”

“काय?”

“ते नाव. लई बरं वाटलं ऐकायला. घरजावयाला गावात नाव असतं कुठं? नीलम्माचा नवरा, एवढंच.”

मला हसावं का रडावं कळंना. म्हणलं, “उठा! लोक बघतात!”

समोरचा रेवणप्पा निवडून आला, थोडक्यात आला, पर आला. आन् मेंबर झाल्याबरोबर आड विसरला. भिंत झाली न्हाय हे खरं, पर आडात गाळ साचलेला, रहाटाचं चाक मोडलेलं, आन् मेंबर छत्री घेऊन कमिटीच्या मीटिंगा करत हिंडतोय.

इकडं आमच्या घरात वेगळंच. मालकांनी ‘अहो’ ऐकायचंच सोडलं. ताट आपटा, भांडं आपटा, माणूस हलायला तयार न्हाय. “नावानं हाक मार, तरच उठतो.” म्हणलं, “हा नियम कुणी केला?” तर म्हणतात, “तूच की. साऱ्या पडवीला साक्ष ठेवून केलास.” मग काय करते? सकाळी दात घासायला, “रेवणप्पा!” जेवायला, “रेवणप्पा!” जिरं आणायला, “रेवणप्पा!” माझं तोंड असलं! आन् दर हाकेला समोरच्या घरातून मेंबर धोतर सावरत बाहेर, “काय आक्का? आडाचंच ना? करतो, करतो!” दिवसातून चार येळा, सहा येळा. जेवत्या ताटावरून उठायचा, झोपेतून दचकायचा. शेवटी त्याची बायकोच म्हणाली म्हणे, ‘तो आड उपसून टाका, न्हायतर मी माहेरी जाते.’ आठवड्यात गाळ उपसला, नवा रहाट बसला!

आता गावात सांगतात, मेंबर लई कामाचा, हाक मारली की धावून येतो. येतो बाबा! आजबी येतो, दात गेले, छत्री तीच. आन् मालकांना हल्ली ऐकू कमी येतं. म्हणून म्या उंबऱ्यात उभी राहून नवऱ्याच्या नावानं घसा फोडते, तर नवरा बसतो आत, निवांत, आन् दारात उभा राहतो मेंबर.

कुणी विचारलं, हाक मारली की मेंबरानं दारात यायचं, हा नियम केला कुणी?

वरून न्हाय आला, बाई. म्याच केलाय.