फोटोखालची ओळ

सून : वायर राहू द्या, बाबा. तुमच्या फोनच्या खाचेत रंग वाळून बसलाय. वायर तिरकी धरली की चार्ज होतो, तेवढंच नशीब समजा. फोटो काही तिथून कॉम्प्युटरवर यायचे नाहीत.

सासरे : मग कुठून यायचे?

सून : हवेतून. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर असले की झालं.

सासरे : हवेतून म्हणजे, मी मध्ये उभा राहिलो तर अडतील का?

सून : नाही अडत.

सासरे : तरी बाजूला होतो. आपलंच काम, आपल्यामुळे खोळंबायला नको.

सून : बसा हो तुम्ही. हे बघा, स्क्रीनवर ठिपक्याठिपक्यांचा चौकोन आलाय. फोनचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा. जरा स्थिर.

सासरे : सगळा जन्म शिडीवर उभा राहून दुकानांच्या पाट्या रंगवल्या. एक रेघ कधी वाकडी गेली नाही. आणि हे तळहाताएवढं धरताना थरथरतंय बघ.

सून : कोपर टेबलावर टेका. हां, असं. 'परवानगी द्यायची का' असं काही आलं?

सासरे : आलंय. कुणाला द्यायची?

सून : या कॉम्प्युटरला.

सासरे : दिली. काही होत नाही.

सून : बघू इकडे. अहो, तुम्ही शेजारच्यांच्या वायफायवर आहात.

सासरे : मी इथंच आहे. फोन गेला असेल. संध्याकाळी गच्चीवर बसतो ना, तेव्हा शेजारच्या पोरीनं जोडून दिलं होतं.

सून : आणते त्याला घरी. झालं. आता परत एकदा परवानगी द्या.

सासरे : परत? लग्नातसुद्धा एकदाच विचारतात.

सून : तुम्हाला विचारलं होतं?

सासरे : मला नाही. तुझ्या सासूला विचारलं होतं. ती म्हणाली, अक्षर चांगलं आहे ना, मग चालेल.

सून : हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. जोडलं गेलं बघा. आता फोटो निवडा. सगळे आणायचे की मोजके?

सासरे : मोजकेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, माणसं थोडी ठेवा, चेहरे मोठे ठेवा. खाली नातं लिहून समोरच्या भिंतीवर लावा. तुझी सासू आताशा विसरते, सकाळी उठल्याबरोबर तिला दिसायला हवं, आपण परक्या घरात नाही म्हणून. पण मला एक सांग. तुझ्या फोनवरून माझ्या फोनवर भरभर फोटो पाठवतेस, तसेच इकडे पाठवले असते तर?

सून : तसे पाठवले की बारीक होऊन येतात. मोठे छापायला गेलं की चेहरा फुटतो. हे जसेच्या तसे येतील. तुम्ही ज्याच्यावर बोट ठेवाल तो इथं दिसेल. ठेवा बोट.

सासरे : हा घे. तुझ्या नणंदेचा, चिमीचा.

सून : आला. वन्संचा हा छान आहे. हसतायत.

सासरे : हसायला काय झालं. लांब राहते, फोनवर तासभर बोलते, आईनं विसरलेला कुकर काही तिला बंद करावा लागत नाही. पण तुझी सासू ओळखते हं तिला. आवाजावरून ओळखते. फोटोखाली 'लेक' लिहू. ठळक. दुसरा घे, तुझ्या नवऱ्याचा.

सून : हा नको, यात दाढी आहे.

सासरे : अरे हो. खोडला.

सून : खोडू नका. नुसता सोडून द्या. माझ्या आवडीचा आहे तो.

सासरे : बरं, सोडला. हा बघ, परवाचा. दाढी काढून आला त्या दिवशीचा.

सून : आला. हनुवटी किती पांढरी दिसतेय. कॉलेजात ठेवलेली दाढी, आमच्या लग्नातसुद्धा काढली नव्हती. आईंनी दारात अडवून विचारलं, 'कोण हवंय तुम्हाला? घरात पुरुष माणूस नाही.' तसाच मागे वळला, कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसला आणि काढून टाकली.

सासरे : आणि परत आला तर म्हणाली, अभ्यास झाला का?

सून : झाला म्हणाला. मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसला.

सासरे : हा घे. मोठा छाप. 'मुलगा.' माझं बोट कुठं ठेवू आता? घरातली सगळी झाली.

सून : तुमचा फोटो कुठाय?

सासरे : माझा कशाला? फोटो काढणारा मी, मी त्यात येणार कसा? आणि मला ओळखते ती. एवढी वर्षं झाली संसाराला.

सून : बरं.

सासरे : नुसतं बरं?

सून : एक काढून ठेवू म्हणते मी. असावा.

सासरे : सूनबाई, तुला काहीतरी माहीत आहे आणि तू ते सांगत नाहीस.

सून : काही नाही हो.

सासरे : मग मी सांगतो. तिनं तुला विचारलं असेल, 'हे पेंटर कधी जाणार? भिंत रंगवायची अजून किती राहिली?'

सून : तुम्हाला कसं कळलं?

सासरे : मलाच विचारलं ना आधी. दारात ब्रश धूत बसलो होतो. म्हणाली, दुपारी जेवता कुठं तुम्ही, डबा आणता का?

सून : मग तुम्ही काय म्हणालात?

सासरे : म्हटलं, नाही आणत. तर मला वाढलं. पंखा माझ्याकडे फिरवला. आणखी हवं का, संकोच करू नका, असं दोनदा विचारलं. खोटं नाही सांगत, एवढ्या अदबीनं मला या घरात कुणी कधी वाढलं नव्हतं.

सून : बाबा, हसवू नका.

सासरे : हसवत नाही. पहिल्या दिवशी गच्चीवर जाऊन बसलो होतो. खाली यावंसंच वाटेना. मग वाटलं, परक्या माणसाला ती असं वागवते, हे मला कधी बघायलाच मिळालं नसतं. चल, काढ माझा फोटो. ब्रश घेऊन काढ. खाली 'पेंटर' लिहितो. ते काही खोटं नाही.

सून : 'नवरा' नाही लिहायचं?

सासरे : घाबरेल ती. एवढा म्हातारा नवरा.

सून : इकडे बघा. जरा मान वर. काढला. तुमच्याच फोनवर काढलाय, आता तुम्हीच पाठवा.

सासरे : पाठवला. आलो का मी?

सून : आलात. छान आलात.

सासरे : आता शेवटचा. हा मी तुला न विचारता काढलाय, दारातून. रागावू नकोस.

सून : हा कधी काढलात?

सासरे : गेल्या रविवारी. तू तिचे केस विंचरत होतीस. दोघींचं लक्ष नव्हतं.

सून : हा नको, बाबा.

सासरे : का? यात दोघींचे चेहरे कसे स्वच्छ आलेत. उजेड खिडकीतून बरोबर पडलाय. खाली लिहितो, 'सून.' सगळ्यांत मोठं अक्षर तुझं.

सून : तेच नको म्हणतेय मी.

सासरे : अगं, तुझी ओळख तुला नको? न्हाऊ घालतेस, भरवतेस, रात्री उठतेस, आणि ती तुला ताई म्हणते. सगळं श्रेय माझ्या मेव्हणीला. ती बिचारी कधीच गेली, तिला त्याचा उपयोगही नाही.

सून : म्हणू द्या ना ताई.

सासरे : मला नाही बरं वाटत ते. अन्याय आहे.

सून : बाबा, मी या घरात आले तेव्हा आईंनी मनात दुसरी मुलगी पक्की केली होती.

सासरे : मैत्रिणीची. माहीत आहे मला.

सून : भांडल्या नाहीत कधी. टाकूनही बोलल्या नाहीत. फक्त हाक मारली नाही. 'कुणीतरी दिवा लावा.' 'कुणीतरी दूध बघा, उतू जाईल.' ते कुणीतरी म्हणजे मी, हे मला लग्नानंतर महिनाभरानं कळलं. त्यानंतर त्या 'कुणीतरी' म्हणाल्या की मी उठायचे.

सासरे : मी ऐकायचो. बोलायला हवं होतं मी.

सून : ते जाऊ द्या. आता मी खोलीत गेले की त्या दोन्ही हात पुढे करतात. 'ताई, आलीस?' म्हणतात. डोकं मांडीवर ठेवतात. लहानपणी विहिरीत चप्पल पडली ते सांगतात. तुम्ही भिंतीवर 'सून' लिहिलंत, आणि एखाद्या सकाळी तेवढंच नेमकं आठवलं तर?

सासरे : तर ते हात मागे जातील. तुला हीच भीती ना?

सून : भीती म्हणजे काय. सवय झालीय मला त्या हातांची.

सासरे : हं.

सून : 'ताई' लिहा. नाहीतर नुसता फोटो लावा.

सासरे : खोटं कसं लिहू?

सून : 'येथे उत्तम कपडे मिळतील' असं लिहायचात ना पाट्यांवर? उत्तम होते का सगळे?

सासरे : एकदा धुतले की विरायचे. पण ते दुकानदारानं सांगितलेलं असायचं. मी नुसती अक्षरं काढायचो. इथं मला सांगणार कोण?

सून : हळू. उठल्या वाटतं.

(आतल्या खोलीचं दार उघडतं. सासूबाई भिंतीला धरून बाहेर येतात.)

सासूबाई : ताई, तू इथं आहेस होय? मला वाटलं, गेलीस.

सून : इथंच आहे. या, या खुर्चीत बसा. झोप झाली?

सासूबाई : झाली. टीव्ही बिघडला का?

सून : टीव्ही नाही, कॉम्प्युटर आहे. फोनमधले फोटो इकडे येतायत.

सासूबाई : आपले आपण?

सून : आपले आपण.

सासूबाई : शहाणे आहेत. हा आपला पोरगा. रोडावलाय नाही? आणि ही चिमी, हिचं तोंड सदा उघडं. हा कोण?

सासरे : मी. पेंटर.

सासूबाई : हो, हो. तुमचासुद्धा लावणार? लावा की. एवढं काम करता. आणि हा कुणाचा?

सून : तो चुकून आलाय. काढते मी.

सासूबाई : थांब. ही म्हातारी कोण?

सून : तुम्हीच आहात ती.

सासूबाई : मी? असेन. केस चांगले विंचरलेत.

सासरे : बाई, मला या फोटोखाली एक ओळ लिहायची आहे. भिंतीवर लावायला. तुमच्या मागे बसलीय, तिला काय लिहू?

सून : बाबा, नका विचारू.

सासरे : पाटी ज्याची, त्याला विचारायलाच पाहिजे. सांगा बाई, कोण आहे ही?

सासूबाई : मोठं करा जरा. चेहरा मोठा करा.

सासरे : कर, सूनबाई.

सून : केला.

सासूबाई : ही ताई नाही.

सासरे : नाही?

सासूबाई : ताईच्या गालावर तीळ होता. मोठा. त्याच्यावरून मी तिला चिडवायचे. ही ताई नाही.

सून : आई, चहा टाकू का? तुम्हाला उठल्यावर लागतो.

सासूबाई : गप्प बस गं जरा. मला बघू दे. ही घरातलीच आहे. तोंडात येत नाही माझ्या. तुमच्यासारखंच कामाला येते का, पेंटर?

सासरे : नाही. कामाला नाही येत. राहतेच इथं.

सासूबाई : तेच म्हणते मी. हिचा हात हलका आहे. गुंता झाला तर ओढत नाही, बोटांनी सोडवते. दुसऱ्या कुणाला जमत नाही ते. चिमी तर रडवते मला.

सासरे : नाव आठवतंय का?

सासूबाई : नाव नाही आठवत. तुम्हाला नावच हवंय का? हे लिहा ना. हिचा हात हलका आहे. मला तेवढं पुरे. कळतं मला, कोण ते.

सासरे : 'हिचा हात हलका आहे.' एवढंच?

सासूबाई : एवढंच. ताई, तुला काय झालं? डोळे का पुसतेस?

सून : स्क्रीनकडे बघून पाणी येतं.

सासूबाई : मग बघू नये एवढं. ये, इथं बस माझ्याजवळ. पेंटर, अक्षर मोठं काढा. सकाळी चष्मा सापडत नाही मला.

सासरे : मोठंच काढतो. तुमच्या पलंगावरून दिसेल असं.

सासूबाई : आणि रंग वाळेपर्यंत थांबा. घाईनं निघून जाणाऱ्यांचं काम नीट होत नाही.

सासरे : थांबतो, बाई. मला कुठं जायचंय.