वाटा जमा झाला

— ठेवला न अंगठा, झालं न तुमचं काम? मंग बसा भाऊ, चहा घ्या. कंपनीचे लोक तुम्ही, नागपुरावरून आले — आन् एक सांगा, मोबाईल आमच्या घरधन्याचं नाव घेनं तर बंद नाई करन? — काऊन विचारते? आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाई. लग्नात उखान्याले उभी केली तर नावावरच अडकली — सारा मांडव हासला — मंग हेच म्हने, राहू द्या, सोडा तिले. तेव्हा सुटली ते सुटलीच. जन्मभर "अवो", नाई तं "रिंकूचे बाबा", याच्यावरच भागलं.

मंग तुमचं ते टोकन आलं, मोबाईलातला डॉलर. अगोदर तलावाची मासोळी विकली का मच्छीमार संस्थेच्या सेक्रेटरीमागं फिरा, बँकेत रांग लावा. आता ज्याचा त्याचा वाटा मोबाईलात — व्यापाऱ्याच्या गाडीत मासोळी चढली का डिजिटल डॉलर आलाच, रविवार असो का पोळा असो. आन् मोबाईल बोलून सांगते, अमक्या, तुमचा वाटा जमा झाला. हे हासत — बायको नाव घेत नाई, मशीन घेते!

त्याच तलावात गेले. डोंगा उलटला. लोकायनं काढलं, बांधाच्या पाळीवर निजवलं, मी पाह्यलं — मले मालूम आहे भाऊ, मी पागल नाई. पन टोकनाले कोन सांगन? जाळं निघालं का मोबाईल यायचं नाव घेतेच. पाळीवरचे लोक कानावर हात ठेवतात — मेलेल्याचं नाव पान्याजवळ घेऊ नाई, तो ओ देते म्हन्तात. तुम्ही म्हनलं न, या डॉलरचा भाव चढत नाई, उतरत नाई? तसेच आता हे, होते तेवढेच. मीच बुढी होऊन राह्यली.

कोनाले सांगू नका — ओ मीच देते. मोबाईलनं नाव घेतलं का म्हन्ते, "आलो." यायच्या आवाजात. ताटबी वाढते. रिंकू पाह्यते आन् तोंड फिरवते. तिच्यासाठीच ठेवला अंगठा — पोरगी म्हने, आई, बाबाचे पैसे अडकून पडले, वारसाचा अंगठा लागते. मी म्हनलं, पैसे सुटू दे. नाव राह्यलं म्हन्जे झालं —

थांबा. व्यापाऱ्याची गाडी लागली वाटते पाळीवर. बोलू नका. आता मोबाईल घेईन नाव, ऐका —

"गोकुळा, तुमचा वाटा जमा झाला."

— हे काय? माझं काऊन घेतलं? — माझ्या नावावर झाला म्हन्जे? नाई नाई, वापस करा भाऊ. तो अंगठा काढा माझा तिथून. — होत नाई? तुमचीच मशीन न, तुमच्यानंच होत नाई? — कोनाच्यानंच नाई?

मंग आता त्याइले आवाज कोन देईन?

— डोमा.

अवो… डोमा!

जा भाऊ तुम्ही. चहा राहू द्या, जा. कोनी ओ देते का, ऐकू द्या मले.