टाकीतला हुंकार

...नाही, पण मला तुम्ही एक सांगा, पेट्रोलच्या टाकीत सासू असते का? असू शकते का? आणि असली, म्हणजे समजा असलीच, तर तिला बाहेर काढायचं की नाही हे विचारायला माणसानं साडूच्या, म्हणजे माझ्या, घरी यावं का? तेही सुट्टीच्या दिवशी, साडू अर्ध्या गालाला साबण लावून उभा असताना? प्रश्न केवढा होता, ऐका. मोटारसायकलच्या टाकीतला फिल्टर बदलायचा की नाही. बस्स! एवढ्यासाठी दोन घरांची झोप उडाली, आणि गाडी ढकलून ढकलून माझी कंबर गेली ती वेगळीच!

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईचे, यजमान. चष्म्याच्या दुकानात नंबर काढतात. देवमाणूस हो, पण निर्णय म्हणाल तर शून्य! ‘ही काच बरी दिसते की ही?’ असं लोकांना विचारण्यात जन्म गेला, त्यामुळे त्यांना कुणी काही विचारलं की म्हणतात, “पुन्हा एकदा पहिली दाखवा.”

आमच्या सासूबाई त्यांच्याकडेच असायच्या. बोलायच्या कमी. कमी म्हणजे काय, बोलायच्याच नाहीत. नुसतं हूंऽऽऽ. ओठ मिटलेले, नाकातून, लांबलचक. “आई, चहा घेणार?” हूंऽऽऽ. “का नको आत्ता?” हूंऽऽऽ! तोच सूर, तीच लांबी, काय समजायचं ते तुम्ही समजा. साडूभाऊ त्यांना गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचे, याच गाडीवरून. त्या मागे एका अंगानं बसणार, मांडीवर पिशवी, यांच्या खांद्यावर हात, आणि प्रत्येक गतिरोधकाला हूंऽऽऽ. इतकी वर्षं एका छताखाली काढली, पण आपण सासूबाईंना पसंत होतो की नव्हतो, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आमची ही म्हणते, आईला दोन्ही जावई नापसंत होते. पण ती ते, मला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणत असणार.

तर सासूबाई गेल्या. जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. सगळे रडले. साडूभाऊ तर दाराआड जाऊन रडले. ताईच्या डोळ्यांत मात्र टिपूस नाही! आल्यागेल्याचं बघितलं, खोली आवरली, घरातले सगळे पडदे धुवायला काढले. लोक म्हणाले, केवढी खंबीर! मी मनात म्हटलं, हे लक्षण काही बरं नाही. पण मला विचारतो कोण?

आणि मग एका सकाळी साडूभाऊंनी गाडीची किल्ली फिरवली, आणि टाकीतून आवाज आला, हूंऽऽऽ!

साडूभाऊंनी किल्ली बंद केली. हळूच मान वळवून मागच्या सीटकडे पाहिलं. कुणी नाही. परत किल्ली. हूंऽऽऽ. अहो, किल्ली फिरवली की टाकीतला पेट्रोलचा पंप क्षणभर वाजतोच, हे मलासुद्धा माहीत आहे! पण आधी तो वाजायचा डासासारखा, सुंऽ करून. हा आवाज नाकातला होता. मी स्वतः ऐकला. ऐकला आणि, तुम्हाला सांगतो, आपोआप शर्टाचं वरचं बटण लावलं!

शिवाय गाडी गचके खायला लागली. चढ आला, ॲक्सिलरेटर पिळला, की आचके देणार. साडूभाऊ गेले कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. तिथं काचेमागचा टाय लावलेला म्हणाला, “सर, हा फिल्टर बदलायचा नसतोच. आयुष्यभरासाठी असतो.” साडूभाऊंनी विचारलं, “कुणाच्या?” मग गेले कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे. तो टाकीला कान लावून म्हणाला, “फिल्टर चोक झालाय, साहेब. पंपाला ओढायला जोर पडतो, म्हणून कण्हतोय. बदलून टाका.” आता दोन माणसांनी दोन गोष्टी सांगितल्यावर साडूभाऊ काय करणार? “पुन्हा एकदा पहिली दाखवा!” झालं! फिल्टर बदलायचा की नाही?

त्यात भर म्हणजे बॅटरी. रोज चार्ज करून आणावी आणि सकाळी बघावं तर मेलेली! की लगेच मला फोन, “साडूभाऊ, जरा सोडता का दुकानात?” मी सोडतोय. रोज! माझं ऑफिस एकीकडे, त्यांचं दुकान दुसरीकडे. आणि मागे बसून हे माझ्या कानात कुजबुजणार, “कोणीतरी किल्ली फिरवतं हो तिची. घरातलं नाही. मला वाटतं... त्याच.” हेल्मेटच्या आत माझे केस उभे! मी म्हटलं, “त्यांना किल्ली कशाला लागेल?” तर म्हणाले, “सवय नाही ना अजून.”

मग एकदा त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, टळटळीत दुपारी, सगळी इमारत पेंगत असताना, त्यांना जाग आली. खालून, पार्किंगमधून, हूंऽऽऽ. थांबलं. हूंऽऽऽ. चपला हातात घेऊन साडूभाऊ जिना उतरले, खांबाआडून बघतात तो काय? ताई! गाडीवर बसलेली. पुढे नाही, मागे. आईच्या जागेवर, एका अंगानं, पुढे वाकून किल्लीला हात लावलेला.

“आई, पडदे परत लावले गं.” किल्ली. हूंऽऽऽ.

“हिरवेच लावले.” हूंऽऽऽ.

आणि मग अगदी बारीक आवाजात, “आई, त्या दिवशी... हाक मारली होतीस का गं मला? मी शिवणाच्या मशीनवर होते. मला ऐकू नाही आलं.”

किल्ली. हूंऽऽऽ.

हे सांगायला म्हणून साडूभाऊ माझ्याकडे आले होते, तेच ते, मी साबण लावून उभा होतो तेव्हा. सांगताना चष्मा पुसत होते. चष्म्याच्या दुकानातला माणूस चष्मा किती वेळ पुसू शकतो, तुम्हाला कल्पना नाही! माझ्या गालावरचा साबण वाळला. शेवटी म्हणाले, “आता तुम्हीच सांगा, फिल्टर बदलू की नको?”

मी म्हटलं, “ताईंना विचारा.” ते म्हणाले, “तिला कळेल ना, मी पाहिलं ते.” मी वैतागलो हो, माणूसच आहे मी, बोलून गेलो, “मग सासूबाईंनाच विचारा!”

आणि या गृहस्थानं खरंच विचारलं! मला शेजारी उभा करून. हात जोडून म्हणाले, “आई, फिल्टर बदलू का?” किल्ली फिरवली.

हूंऽऽऽ.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. “हो म्हणाल्या की नाही?” “मला काय विचारता? तुमच्याकडे राहायच्या!”

असे दिवस चाललेले. आणि मग यायचं ते आलं. ताईला मागे घेऊन साडूभाऊ पुलावर चढत होते, भर गर्दीत, आणि ऐन चढावर गाडीनं मान टाकली. मागून पाण्याचा टँकर! त्यानं असा ब्रेक मारला की अर्धं पाणी रस्त्यावर, आणि टँकर थांबला यांच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर. वीतभर! ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर, “घरी सांगून निघालात का?”

मला फोन. गाडी ढकलायला दुसरं आहे कोण? मी पोचलो तर ताई कठड्याला टेकून खाली बसलेली, रस्ताभर पाणी, आणि साडूभाऊ किल्ली फिरवतायत. फिरवतायत, फिरवतायत, आणि टाकीतून काही नाही. हूं नाही की चूं नाही.

“वाजत का नाही हो?” ताई म्हणाली, आणि जी रडायला लागली! इतक्या महिन्यांचं सगळं त्या पुलावर. “मी मशीन चालवत होते हो. तिनं हाक मारली असेल आणि मी मशीन चालवत होते...”

आणि साडूभाऊ, ज्यांना चहा की कॉफी ठरवायला पाव तास लागतो ते साडूभाऊ, ओल्या रस्त्यावर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “नाही मारली.”

“कशावरून?”

“आईंनी कधी कुणाला हाक मारली? नुसतं हूं करायच्या. आणि ते हूं तुला मशीनमधून ऐकू आलं असतं. खालच्या मजल्यावर ऐकू जायचं, तुला नसतं आलं? त्या झोपेत गेल्या गं. कुणाला न बोलावता.”

ताईनं वर बघितलं. रडता रडता फस्सकन हसली. टँकरवाला शिव्या द्यायला उतरला होता, तो बिचारा पाण्याची बाटली देऊन परत गेला.

मिस्त्रीकडे गाडी मी ढकलली, हे कुणाच्या लक्षात नाही, असू दे. तो म्हणाला, “पंप तापून बंद पडलाय. निवला की चालेल. पण आता फिल्टर बदलला नाहीत तर पंप जळेल. मग गाडीही नाही आणि तुमचा तो आवाजही नाही.” साडूभाऊंनी तोंड उघडलं, मला वाटलं आता म्हणणार, पुन्हा एकदा पहिली दाखवा. पण ताईच म्हणाली, “बदला.”

त्यानं टाकीतून पंप उपसला. तळाशी फिल्टर, काळा, लिबलिबीत, बोळ्यासारखा. ताईनं वाकून नीट बघितलं. “एवढंच?” म्हणाली. “एवढंच, ताई.” त्यानं तो तेलकट डब्यात टाकला. नवा बसवला. किल्ली. सुंऽ. डासासारखं. संपलं.

गाडी लोण्यासारखी चालायला लागली. बॅटरी ठणठणीत. ताई रात्री शांत झोपते. मी सुटकेचा श्वास टाकतोय तोवर ताईचा फोन, “ती गाडी विकून टाका. आता नुसती गाडीच आहे ती. एखादं गिऱ्हाईक बघता का?” मी बघणार! मीच बघणार! एक चांगला मुलगा आणला, नोकरीवाला, रोख देणारा. त्यानं फेरी मारली, किल्ली फिरवून टाकीला कान लावला, खूश होऊन म्हणाला, “वा काका! काही म्हणजे काही आवाज नाही हिचा!”

साडूभाऊ टाकीवरून फडकं फिरवत होते. फिरवता फिरवता म्हणाले, “तोच तर बिघाड आहे.”

गिऱ्हाईक गेलं. जाणारच! त्यानंतरचंही गेलं, आणि त्याच्या पुढचंही. सगळे जाऊ शकतात हो. मी साडू. मी कुठं जाणार?