सिस्टरची बस

— नाही, नाही, तोंड मिटू नका! इंजेक्शन आत्ताच दिलंय, बधिर व्हायला जरा वेळ लागेल. आणि हा लाळ ओढायचा पाइप आज तुम्हीच धरा. असा, गालाच्या आत. काय करणार, धरायला कुणी नाही. आमच्या सिस्टरनी काम सोडलं कालपासून. का म्हणजे? त्या टोलच्या रस्त्यापायी! शी! नाव काढलं तरी तोंड कडू होतं माझं. तुम्हीही त्यावरूनच आलात ना? मग तुम्हाला काय सांगायचं. आज सकाळी माझ्यापुढे एक ट्रेलर — मशीनला त्याचा टॅगच वाचता येईना. मग नाक्यावरचा तो जॅकेटवाला आला, काठीला बांधलेलं यंत्र घेऊन. काचेला लावलं, काच पुसून लावलं, यंत्र स्वतःच्या पँटवर घासून लावलं — आणि शेवटी काय म्हणतो, तर गाडी मागे घ्या! अरे, मागे आम्ही उभे आहोत सगळे, मागे कुठे घेतोस? आणि डोक्यावर फलक, 'आपला वेळ अनमोल आहे'. थुंकावंसं वाटलं हो. दिवसभर मी लोकांना थुंका म्हणून सांगतो, पण स्वतःला थुंकावंसं पहिल्यांदाच वाटलं.

आणि खड्डे? बुजवतात कसे बघितलंत? आतली घाण तशीच, वरून डांबर थापलं की झालं काम. मी असं फिलिंग केलं तर तुम्ही मला कोर्टात खेचाल. खेचाल की नाही? पण ते जाऊ दे, आपण गाडीवाले, आपण एसी लावून शिव्या देत बसू. सिस्टरनी काय करायचं? जुन्या रस्त्यावरून एक बस यायची — खडखडायची, काचा धड लागायच्या नाहीत, पण यायची. शाळेच्या बाई, कापड दुकानातल्या मुली, दवाखान्यात दाखवायला निघालेले म्हातारे, सगळे त्यातच. हा रस्ता झाला आणि म्हणे करारात कलम निघालं, शेजारून बस चालवली तर टोल कंपनीचं गिऱ्हाईक तुटतं! गिऱ्हाईक! अहो, त्या म्हाताऱ्याकडे मोटार आहे का टोल भरायला? त्याला बसमधून उतरवून मिळवलं काय? आणि ज्यांनी पोटाला चिमटा काढून गाड्या घेतल्या, ते सगळे आता माझ्यापुढे रांगेत. एका बसची माणसं अख्ख्या रांगेत पसरून ठेवलीत आणि याला विकास म्हणतात. किळस येते.

मान हलवू नका हो. दुखतंय? नाही ना? मग.

तर बस गेली. सिस्टर म्हणाल्या, हरकत नाही, रस्त्यापलीकडून जीप मिळते. पण पलीकडे जायचं कसं? पूल नकाशात आहे, जागेवर नाही. कठड्यात एक फट होती, त्यातून सगळी वस्ती जीव मुठीत धरून जायची. कंपनीनं ती फट वेल्डिंग करून टाकली! खड्डे बुजवायला वर्षानुवर्षं माणूस मिळत नाही, माणसांची वाट बुजवायला वेल्डर लगेच हजर.

मग मीच आणायला लागलो त्यांना, माझ्या गाडीनं. आणि खरं सांगू? तेव्हा मला त्या रांगेचा राग यायचा नाही. शेजारी बसून सिस्टर पेशंटांच्या नकला करायच्या — तुमचीही करतात, सुई बघून डोळे कसे गच्च मिटता ती. मी पोट धरून हसायचो. बायको गेल्यापासून कुणी असं हसवलं नव्हतं मला. एकदा तर मी माझ्या गाडीचा टॅग काचेवरून काढून खिशातच — म्हणजे रांग जरा आणखी — जाऊ दे. जाऊ दे म्हटलं ना!

परवा गाडीतून उतरताना म्हणाल्या, "डॉक्टर, बसनं यायचे तेव्हा मी कामावर यायचे. तुमच्या गाडीनं येते ती उपकारावर येते." मी म्हटलं, उपकार कसला? तर म्हणाल्या, "गाडी तुमची, निघायची वेळ तुमची. बसमध्ये मी माझी असायचे." झालं. आता घराजवळच्या साबणाच्या कारखान्यात वड्या गुंडाळणार. इतकी हुशार बाई, आणि वड्या! माझ्यासाठी नाही, तर निदान —

काय? बोट काय दाखवताय? वर? थांबा, पाइप काढा. वरची दाढ दुखतेय? वरची? आणि मी खालचा जबडा — अरे देवा! मघापासून तेच सांगताय होय? हे असं होतं माझं, पहिल्यापासून. सिस्टर माझ्या मागून म्हणायच्या, "डॉक्टर, वरची ना?" इतकं हळू, की खुर्चीतल्या माणसाला पत्ता नाही. सगळे म्हणतात, डॉक्टरांचा हात अचूक.

चूळ भरा. नाही, आज नाही करत मी. आज कुणाच्याच तोंडात हात घालायचा नाही मला. आता ऐकलंच आहे तुम्ही सगळं, तर सांगा — मी जाऊन बोलावं का त्यांच्याशी? कामाचं नव्हे. कामाचं नव्हे हो, दुसरं. मी त्यांना... नको, नको, तुम्ही बोलू नका. ओठ बधिर आहे, चावला जाईल आणि कळणारही नाही. उठा. जाताना दार ओढून घ्या.