पडद्यातली वजनं

हॅलो?… हो, हो, तळ्यावरच आहे. रिमोटवाल्या बोटींची ही रांग, आपल्या बोटीचा नंबर यायचाय अजून… तुझा पाय कसाय?… प्लास्टरच्या आत खाज? विणायची सुई घालू नकोस हं आत!

काय उडतोय?… पडदा? सकाळपासून तोंडावर येतोय?… मग खिडकी लावून घे ना… मला काय माहीत त्याला काय झालंय… अगं ऐक ना, आधी बोटीचं ऐक!

रागावणार नाहीस?… काल सरावात उलटली. तुझ्याच सेटिंगवर. ताशी नव्वद किलोमीटरच्या वर गेली, नाक उचललं, खाली हवा शिरली आणि कोलांटी!… नाही, फुटली नाही. शपथ. तुला झोप लागली नसती म्हणून बोललो नाही.

हो, कळतं गं. नाक हलकं, तर वेग जास्त. बोट तू बांधलीस, मान्य. तीन वर्षं शंभर, शंभर ऐकतोय. पण बाईसाहेब, उलटी बोट किती वेगाने जाते?… म्हणून मी नाकात थोडं वजन… हॅलो? अगं, कान फुटतोय माझा!

ओरड, मनसोक्त ओरड… बॅटरी पुढे सरकेना, जागाच नाही. शिशाची वजनं चिकटवली. चार… अगं, मी पडदे शिवणारा माणूस! वाऱ्याने कड उचलू नये म्हणून आम्ही कडेत वजनं शिवतो. दुखणं तेच, औषध तेच… दुकानातली? दुकानातली संपली होती… म्हणजे… बरं, कबूल. तुझ्याच पडद्यातून उसवली. पहाटे. तू घोरत होतीस.

थांब, नंबर पुकारला! फोन खिशात टाकतो, रिमोटला दोन्ही हात लागतात. बंद करू नकोस!

सोडली… सरळ चाललीय… पहिली खूण पार… नाक उचलतंय… उचलतंय गं… बस ना खाली, बस, माझे आई… बसली! बसली! दुसरी खूण पार!

अहो पंच, किती?… काय?… पुन्हा सांगा!

ऐकलंस? शंभर पूर्णांक दोन दशांश! शंभर, गं! थांब, फोन काढतो खिशातून… तू हसतेस की रडतेस?… मीपण… अगं, उठलीस कशाला? एका पायावर नाचू नकोस! कशाला धरलंयस?… पडद्याला? अगं, तो—

हॅलो? हॅलो! काय पडलं?… तू नाही ना?… नुसता पडदा? दांडीसकट?… पडू दे. नवा शिवतो, तू म्हणशील त्या रंगाचा… वजनं? छे, ती आता बोटीची. ठेव फोन, तिला घेऊन घरी येतोय!